रेणूंचा तराजू

घरांत कोणाला ताप आला कीं डॉक्टरांकडून गोळी आणावयाची, ती घोटभर पाण्याबरोबर गिळावयाची आणि ताप उतरण्याची वाट पाहात बसावयाचें, एवढाच बहुतेक कुटुंबांचा औषधाशीं संबंध असतो. गोळी पोटांत गेल्यावर काय होतें, याचा विचार करण्यास तेव्हां कोणाला सवड नसते. ती विरघळते, तिचे असंख्य रेणु रक्तांत मिसळतात, आणि शरीरांतील ज्या एका प्रथिनाला आवरावयाचें असतें, त्याच्या पृष्ठभागावरील एका लहानशा खोबणींत जाऊन बसतात. परंतु बहुतेक औषधांच्या बाबतींत हें बसणें कायमचें नसतें. धर्मशाळेंतील वाटसरूंप्रमाणें ते रेणु येतात, थोडा वेळ टेकतात आणि पुन्हां बाहेर पडतात. औषध गुणकारी ठरेल कीं नाहीं, हें पुष्कळ अंशीं एकाच गोष्टीवर अवलंबून असतें: बाहेरच्या पाण्यापेक्षां त्या खोबणींत राहणें त्याच्या रेणूंना किती अधिक पसंत आहे? ही पसंति मोजण्याचें जें माप, त्याला शास्त्रांत मुक्त ऊर्जा असें नांव आहे.

नांव जड असलें तरी कल्पना अवघड नाहीं. पेलाभर पाण्यांत नवसागर टाकला तर तो आपोआप विरघळतो आणि पाणी गार होतें. म्हणजे विरघळण्यासाठीं त्याला भोंवतालची उष्णता ओढून घ्यावी लागते. तो एका परीनें चढच चढत असतो. मग हा चढ तो आपखुषीनें कां चढतो? कारण खड्यांत रांगेनें जखडून राहण्यापेक्षां पाण्यांत मोकळेपणानें हिंडण्याचे मार्ग अगणित आहेत. निसर्गांत अशा दोन ओढी नेहमीं चालूं असतात. एक ओढ कमी ऊर्जेच्या स्थितीकडे, दुसरी अधिक मोकळीकीकडे. या दोहोंचा जमाखर्च मांडून जी शिल्लक उरते ती मुक्त ऊर्जा. अमेरिकन शास्त्रज्ञ विलर्ड गिब्ज यांनीं १८७५ ते १८७८ या काळांत प्रसिद्ध केलेल्या प्रबंधांत हा जमाखर्च पद्धतशीर मांडला, आणि तेव्हांपासून रसायनशास्त्राचा तो पाया होऊन बसला आहे.

आतां मापाची गोष्ट. रसायनशास्त्रांत ऊर्जा ग्रॅम-रेणूमागें, म्हणजे मोलमागें, किलोकॅलरींत सांगण्याची चाल आहे. पाण्याच्या दोन रेणूंमधील एका हायड्रोजन-बंधाची किंमत सुमारे ५ किलोकॅलरी भरते. याच्या तुलनेनें १.४ किलोकॅलरी म्हणजे अगदींच किरकोळ रक्कम वाटेल. परंतु नेहमींच्या तपमानाला मुक्त ऊर्जेंत एवढा फरक पडला कीं औषधाची खोबणीला चिकटून राहण्याची ताकद दहापट वाढते किंवा दहापट घटते. २.८ किलोकॅलरीचा फरक पडला तर शंभरपट! एका रसायनशाळेपुढें वीस संभाव्य औषधांची यादी आहे आणि त्यांतील प्रत्येक तयार करावयास कित्येक आठवडे लागतात, असें समजा. संगणकानें अगोदरच सांगितलें कीं या वीसांपैकीं हीं तीन करून पाहा, तर केवढी बचत होईल! पण संगणकाच्या आकड्यांत दोन-तीन किलोकॅलरींची डळमळ असेल तर त्याचा सल्ला आणि चिठ्ठ्या टाकून केलेली निवड यांत फारसा फरक राहात नाहीं. मग महिने वायां जातात, पैसा वायां जातो, आणि रोगी वाट पाहात राहतो. म्हणून हा तराजू नुसता असून भागत नाहीं. तो सराफाचा तराजू असावा लागतो.

हें मोजमाप संगणकावर कसें करतात? प्रथिन, औषधाचा एक रेणु आणि भोंवतीं पाण्याचे हजारों रेणु अशी एक काल्पनिक पेटी संगणकाच्या स्मृतींत मांडतात. प्रत्येक अणूवर इतर अणूंचा किती जोर पडतो हें काढतात, आणि न्यूटनच्या नियमानें तो अणु पुढच्या क्षणीं कोठें असेल हें ठरवितात. हा क्षण फार लहान घ्यावा लागतो. सामान्यतः तो सुमारे २ फेम्टोसेकंदांचा असतो. १ वर १५ शून्यें मांडून होणाऱ्या संख्येनें सेकंदाला भागलें म्हणजे एक फेम्टोसेकंद येतो. एका सेकंदाच्या अब्जांश भागाचें चित्र पाहावयाचें म्हटलें तरी अशीं पांच लक्ष पावलें टाकावीं लागतात. मूळचे हैदराबादचे शास्त्रज्ञ अनीसुर रहमान यांनीं १९६४ सालीं अमेरिकेंतील आर्गोन प्रयोगशाळेंत द्रवरूप अर्गॉनच्या ८६४ अणूंची हालचाल अशा रीतीनें संगणकावर उतरविली. या शास्त्राच्या आरंभींच्या टप्प्यांत त्या कामाला मोठा मान आहे.

परंतु येथेंच अडचण उभी राहते. पेटींतील ऊर्जा किंवा दाब कोणत्याहि क्षणचित्रावरून मोजतां येतो. अशा पुष्कळ चित्रांची सरासरी काढली कीं काम झालें. मुक्त ऊर्जेचें तसें नाहीं. ती कोणत्याहि एका चित्रांत लिहिलेली नसते, कारण त्या रेणूंना किती प्रकारें वावरतां आलें असतें, या सर्व शक्यतांचा हिशेब तिच्यांत अंतर्भूत असतो. चौकांत उभें राहून येणारे-जाणारे मोजतां येतात. शहराचा विस्तार केवढा, हें तेथून कळत नाहीं. शिवाय पाण्याचे दहा हजार रेणु असलेल्या पेटीची एकूण ऊर्जा याच मापानें सुमारे एक लक्ष किलोकॅलरी भरते, आणि शोधावयाचा असतो एखाद्या किलोकॅलरीचा फरक. दोन पेट्यांची ऊर्जा निरनिराळी मोजून वजाबाकी करणें म्हणजे भाताच्या पोत्यांनीं भरलेली बैलगाडी एकदां नथीसह आणि एकदां नथीशिवाय तोलून नथीचें वजन काढण्यासारखें आहे.

यांतून वाट काढण्यासाठीं फरकच सरळ मोजण्याची युक्ति निघाली. १९३५ सालीं जॉन कर्कवुड यांनीं एका स्थितींतून दुसरींत हळूहळू जाण्याची कल्पना मांडली, आणि १९५४ सालीं रॉबर्ट झ्वान्झिग यांनीं या कामासाठीं एक सुटसुटीत सूत्र पुढें आणलें. त्याचा आशय असा: पेटींत पहिला रेणु ठेवून हालचाल चालूं द्यावी. प्रत्येक क्षणचित्र पाहून विचारावें, “या ठिकाणीं पहिल्याऐवजीं दुसरा रेणु असता तर ऊर्जा कितीनें वाढली किंवा घटली असती?” हीं जीं उत्तरें येतात त्यांची एका विशिष्ट रीतीनें सरासरी काढली म्हणजे दोन स्थितींच्या मुक्त ऊर्जेंतील फरक मिळतो. सूत्र संपूर्णपणें खरें आहे. त्यांत कोठेंहि अंदाजपंचे नाहीं. मग डळमळ येते कोठून?

ती येते त्या विशिष्ट रीतीच्या सरासरींतून. येथें सर्व उत्तरांना सारखें वजन नसतें. एखाद्या चित्रांतील उत्तर दुसऱ्यापेक्षां १.४ किलोकॅलरीनें खालीं असेल तर त्याला दहापट वजन, २.८ नें खालीं असेल तर शंभरपट. कापडाच्या एखाद्या दुकानदारानें वर्षांतील कोणतेहि पंधरा दिवस निवडून त्यांवरून वर्षाच्या विक्रीचा अजमास बांधावा, आणि त्या पंधरांत दिवाळीच्या आठवड्यांतील एकहि दिवस नसावा, तशी ही गत आहे. विक्रीचा मोठा भाग ज्या थोड्या दिवसांत होतो तेच दिवस हिशेबांतून निसटतात. रेणूंच्या हिशेबांत तर ही दिवाळी वर्षांतून एकदां सोडाच, कित्येक हजार चित्रांतून एकदां येते. आणि सर्वांत घातक गोष्ट अशी, कीं ती जोंवर येत नाहीं तोंवर आकडे एकमेकांशीं छान जुळतात. हिशेब स्थिर दिसतो, गणना करणाऱ्याला समाधान वाटतें, आणि उत्तर मात्र एकाच बाजूला कललेलें असतें. डळमळ दिसत नाहीं म्हणून चूक नाहीं, असें समजणें हा या शास्त्रांतील पहिला खड्डा होय.

या खड्ड्याची खोली आंकड्यांनीं सांगतां येते. खोलींतील तपमानाला उष्णतेची जी स्वाभाविक चळवळ असते तिचें माप सुमारे ०.६ किलोकॅलरी आहे. उत्तरांची पसरण याच्या चौपट असेल आणि ती घंटेच्या आकाराच्या नेहमींच्या वक्राप्रमाणें असेल, तर ज्या चित्रांवर सारा निकाल अवलंबून आहे तीं सुमारे एकतीस हजारांतून एखादें, इतकीं दुर्मिळ असतात. पण तोच प्रवास चार सारख्या टप्प्यांत वांटला तर प्रत्येक टप्प्यांतील पसरण एकपटच राहते, आणि महत्त्वाचीं चित्रें सुमारें सहांतून एक या प्रमाणांत आढळूं लागतात. एकतीस हजारांत एक आणि सहांत एक! टप्पे पाडल्यानें कष्ट चौपट होतात, परंतु खात्री हजारों पटींनीं वाढते.

ज्यांनीं रस्त्याची किंवा कालव्याची मोजणी होतांना पाहिली असेल त्यांना ही युक्ति ओळखीची वाटेल. कर्जत आणि खंडाळा यांच्या उंचींतील फरक काढावयाचा असला तर मोजणीदार एका ठिकाणीं उभा राहून दुर्बिणींतून दुसरें ठिकाण न्याहाळीत बसत नाहीं. तो घाटानें थोडथोडें अंतर चढत जातो. आंकडे घातलेली काठी एका जागीं उभी करतो, तिच्यावर पुढच्या बाजूनें नजर टाकतो. मग दुर्बीण पुढें नेतो आणि त्याच काठीवर मागच्या बाजूनें पुन्हां नजर टाकतो. प्रत्येक काठी दोन्हीं मुक्कामांवरून दिसली पाहिजे, हा त्या कामाचा प्राण. रेणूंच्या मोजणींतहि लगतच्या दोन टप्प्यांतील चित्रें कांहीं अंशीं एकमेकांत मिसळलेलीं असावीं लागतात. एका टप्प्यावरून दुसऱ्याचा प्रदेश दिसतच नसेल तर त्या दोहोंमधील आकडा कितीहि दशांश स्थळांपर्यंत छापला तरी तो पोकळच.

मोजणीदाराची दुसरी शिस्त म्हणजे चढून गेल्यावर पुन्हां उतरत मोजीत येणें. रेणूंच्या हिशेबांतहि पहिल्याकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून पहिल्याकडे अशा दोन फेऱ्या करतां येतात. दुर्मिळ चित्रें निसटल्यामुळें जातांना चढ वाजवीपेक्षां जास्त दिसतो आणि परततांना उतार वाजवीपेक्षां कमी. खरा आकडा साधारणपणें दोहोंच्या मध्यें असतो. परंतु मध्यें म्हणजे नेमका कोठें? दोहोंची बेरीज करून निम्मी करावी, हा घरगुती उपाय झाला. १९७६ सालीं चार्ल्स बेनेट यांनीं दाखवून दिलें कीं दोन्हीं बाजूंच्या चित्रांना कसकसें वजन द्यावें म्हणजे चूक कमींत कमी राहील, याचें एक निश्चित गणित आहे. दोन्हीं प्रदेशांच्या सीमेवरील, उभयतांना परिचित अशा चित्रांना त्यांत सर्वाधिक मान मिळतो, आणि दोहों बाजूंच्या पारड्यांत समतोल येतो तोच आकडा उत्तर म्हणून घ्यावयाचा. या पद्धतीचा आणखी एक गुण असा, कीं उत्तराबरोबर त्याच्या चुकीची मर्यादाहि हातीं येते. पुढें २००८ सालीं मायकेल शर्ट्स आणि जॉन चोडेरा यांनीं हीच कल्पना एकाच वेळीं सर्व टप्प्यांना लागू केली. त्यामुळें एका टप्प्यासाठीं केलेलें काम इतर सर्व टप्प्यांच्याहि उपयोगीं पडतें. केलेल्या श्रमांतील कांहींच फुकट जात नाहीं.

टप्पे पाडतांनाहि एक आडवळण आहे. एका रेणूंतील अणु नाहींसा करून दुसरा उत्पन्न करावयाचा असतो. तो अणु अगदीं पुसट झाला कीं पाण्याचे रेणु त्याच्या जागेंत शिरूं लागतात. पण तो पुसट असला तरी त्याच्या केंद्राशीं प्रतिसारणाचा जोर अनंताकडे धांव घेत असतो. एखाद्याच चित्रांत असा प्रसंग घडला तरी सारी सरासरी विस्कटून जाते. यावर १९९४ सालीं दोन निरनिराळ्या संशोधक-गटांनीं उपाय सुचविला: नाहींशा होणाऱ्या अणूचा गाभा मध्यंतरींच्या टप्प्यांत मऊ करावा, म्हणजे त्यावर कोणी येऊन आदळलें तरी ऊर्जा मर्यादेंतच राहील. आरंभ आणि शेवट खरे असले म्हणजे पुरे. मधला मार्ग निसर्गांतील असलाच पाहिजे असें नाहीं. घाट चढून जा कीं बोगद्यांतून जा, दोन गांवांच्या उंचींतील फरक तोच.

मार्ग कोणताहि असो, फरक तोच, या तत्त्वाचा सर्वांत सुंदर उपयोग एका महाराष्ट्रीय शास्त्रज्ञाच्या नांवाशीं जोडलेला आहे. औषध पाण्यांतून उचलून खोबणींत नेण्याचा प्रवास संगणकावर फार दुर्घट. भालचंद्र टेंबे आणि अँड्र्यू मॅकॅमन यांनीं १९८४ सालीं एका साध्या नमुन्यावर दाखविलें कीं हा प्रवास टाळतां येतो. औषधाला जागचें हलवावयाचेंच नाहीं. पहिल्या औषधाचें दुसऱ्यांत रूपांतर एकदां खोबणींत करावयाचें, एकदां पाण्यांत करावयाचें, आणि दोन्हीं आकड्यांची वजाबाकी करावयाची. कोणतें औषध खोबणीला अधिक घट्ट धरील, हें त्या वजाबाकींत आपोआप येतें. टेंबे यांनीं पुढें मुंबईंत पवईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेंत रसायनशास्त्राचें अध्यापन केलें. १९८५ सालीं विल्यम जॉर्गेन्सेन आणि सी. रविमोहन यांनीं पाण्यांत मिथेनॉलचें ईथेनमध्यें रूपांतर संगणकावर घडवून त्या बदलाची मुक्त ऊर्जा काढली. प्रयोगानें येणारा फरक ६.९ किलोकॅलरींच्या आसपास आहे आणि त्यांच्या गणनेंत तो ६.७ ते ६.८ च्या दरम्यान आला. कागदावरील सूत्र प्रयोगशाळेंतील तराजूशीं बोलूं लागलें तें येथून. अशीं अनेक रूपांतरें पहिल्याचें दुसरें, दुसऱ्याचें तिसरें, तिसऱ्याचें पुन्हां पहिलें अशा फेऱ्यांत गुंफलीं कीं बेरीज शून्य आलीच पाहिजे. ती आली नाहीं तर कोठें तरी चूक आहे, हें कोणी न सांगतां कळतें.

एवढ्या युक्त्या योजल्यावर उरते ती श्रमांची बाब, आणि तेथेंहि फसगत होण्यास जागा आहे. संख्याशास्त्राचा नियम असा, कीं चूक निम्मी करावयाची तर नमुने चौपट लागतात, आणि एक दशांश करावयाची तर शंभरपट. पण नमुने म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र नमुने. लागोपाठच्या दोन चित्रांत रेणु जागचे हललेलेच नसतात. एकाच घरांतील दहा माणसांना मत विचारून गांवाचें मत कळलें असें म्हणण्यापैकींच तें होय. दहा हजार चित्रें जमविलीं, परंतु रेणूंना पहिली ठेवण विसरण्यास शंभर चित्रांचा काळ लागत असेल, तर खरे नमुने शंभरच. म्हणून दक्ष गणक अगोदर ही विस्मृतीची मुदत मोजतो, आरंभींचा न स्थिरावलेला भाग टाकून देतो, आणि तीच गणना निरनिराळ्या आरंभांपासून चार-पांच वेळां स्वतंत्रपणें करून पाहतो. प्रथिनाची एखादी बाजू उघडण्यास-मिटण्यास गणनेच्या एकंदर काळापेक्षां अधिक वेळ लागत असेल, तर एकच लांब गणना ती गोष्ट लपवून ठेवते; चार निरनिराळ्या गणना मात्र आपसांतील मतभेदानें ती उघडी पाडतात.

शेवटीं एक भेद ध्यानांत ठेवणें इष्ट. काटेकोरपणा निराळा आणि खरेपणा निराळा. अणूंमधील ओढाताणीचे जे नियम संगणकाला शिकविलेले असतात ते निसर्गाचे अनुकरण आहेत, निसर्ग नव्हेत. ते नियमच कांहींसे चुकीचे असतील तर अत्यंत काटेकोर गणनाहि चुकीच्याच आकड्यावर काटेकोरपणें जाऊन थांबेल. मग एवढी सारी खटपट कशासाठीं? त्याचें उत्तर असें, कीं आकडा डळमळत असेल तोंवर प्रयोगाशीं न जुळल्याचा दोष कोणाच्या माथीं मारावा हेंच ठरत नाहीं. नियम चुकले कीं नमुने अपुरे पडले? डळमळ थांबली म्हणजे उरलेली चूक नियमांची, हें निर्विवाद ठरतें, आणि ते सुधारण्याची वाट मोकळी होते. काट्याचें थरथरणें थांबल्यावरच पासंग किती आहे तें कळतें.

सराफाच्या दुकानांत जाणकार गिऱ्हाईक नुसतें वजन विचारीत नाहीं; काटा स्थिर झाला कीं नाहीं तें आपल्या डोळ्यांनीं पाहतें. संगणकांतून निघालेल्या आकड्याकडेहि त्याच दृष्टीनें पाहिलें पाहिजे. त्याच्याबरोबर चुकीची मर्यादा लिहिलेली आहे काय, जाणें आणि येणें यांचा मेळ बसला काय, फेरीची बेरीज शून्य आली काय, हे तीन प्रश्न विचारल्यावांचून त्याच्यावर विश्वास टाकूं नये. रोग्याच्या उशाशीं ठेवलेली गोळी इतकी लहान असते. तिच्यामागें असलेल्या हिशेबांतील दीड किलोकॅलरीची हयगय मात्र लहान नसते.